अर्जुनाचा खरा आकडा

अर्जुना आमच्या रानात मेंढरं बसवायला येतो, त्याला यंदा बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत त्याची मेंढरं नेमकी किती, हे मला एकदाही कळलेलं नाही. आणि ते न कळणं मला किती लागायचं, हे सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही. मी फौजेच्या वैद्यकीय दलात सव्वीस वर्षं काढली. तिथं सकाळी माणसं मोजायची, दुपारी पट्ट्या नि इंजेक्शनं मोजायची, संध्याकाळी पुन्हा माणसं मोजायची. एक जरी कमी भरला तरी सगळे उन्हात उभे. असा मोजण्यात मुरलेला माणूस मी, आणि माझी गाठ पडली ती आकडा न सांगणाऱ्या माणसाशी.

आमचं गाव कराडच्या पुढं, कृष्णेच्या काठी. ऊस तुटून रान मोकळं झालं की त्यात मेंढरं बसवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. लेंड्यांनी जमिनीला जो कस येतो तो गोणीतल्या खतानं येत नाही. त्या बदल्यात धनगराला ज्वारी-गहू द्यायचा. अर्जुना कवठे महांकाळच्या बाजूचा, कोरड्या मुलखातला. दिवाळी झाली की बायको धोंडुबाई, पुतण्या बिरदेव, एक घोडं, दोन कुत्री आणि मेंढरं घेऊन निघतो, नदीच्या काठाकाठानं वर वाईपर्यंत जातो आणि पावसाच्या तोंडाला घरी परततो. आमच्याकडे तो पौषात येतो आणि आठ-दहा दिवस राहतो.

पहिल्याच वर्षी मी विचारलं, "अर्जुना, मेंढरं किती रं?"

तो आभाळाकडे बघून म्हणाला, "असत्याल की साठ-सत्तर."

समोर शंभराच्या वर मेंढरं माझ्या रानात पसरली होती. मी नुकताच रिटायर होऊन आलेलो, अंगातली फौज गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी बांधावर खडे घेऊन बसलो आणि मोजायला लागलो. पन्नासच्या पुढं गेलो असेन नसेन, हा बाबा काठी घेऊन मधे शिरला आणि सगळी मेंढरं कालवून टाकली. मी चिडून दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. माझी बायको संयोगिता मात्र त्याला दोन्ही वेळचा चहा पाठवत राहिली. आमच्या घरचा चहा म्हणजे पाकच असतो.

तिसऱ्या दिवशी तोच आला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला. "सुभेदार, राग धरू नगा. आकडा दुसऱ्याला कळला की घटतंय. माज्या बानं जतच्या बाजारात एका व्यापाऱ्याला आकडा सांगितला हुता, दोनशे चौदा. लय फुशारकीनं सांगितला. त्याच साली रोग आला. घरी गेली तवा साठ बी न्हवती."

"अरं, रोगानं नेली, आकड्यानं न्हाई!"

"मग रोगाला आकडा कुणी सांगितला?" अर्जुना म्हणाला. मी मोजायला आणलेले खडे बांधाखाली भिरकावले.

पण तोंडानं आकडा न काढता त्याचं अडत नसे, हेही खरं. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, एकेक करून शिरत. हा तोंडाशी उभा राही. शेवटचं आत गेलं की म्हणे, "फुटक्या शिंगाचीची धाकटी लेक ऱ्हायली." आणि खरंच ती ओढ्याकडे कुठंतरी अडकलेली सापडायची. हळूहळू मी विचारायचं सोडलं. म्हणजे रोज विचारायचं सोडलं. तो निघायच्या दिवशी एकदा विचारायचो, तो साठ-सत्तर म्हणायचा, आम्ही दोघं हसायचो आणि तो वाटेला लागायचा.

तीन वर्षांपूर्वी तो आला तो वाळून. कळशीभर पाणी प्यायचा आणि पुन्हा तहान. धोंडुबाई माझ्या बायकोला म्हणाली, "मालक लगवीला बसत्यात तितं मुंग्या लागत्यात, आक्का." बायकोनं मला सांगितलं आणि मी माझं साखर तपासायचं मशीन काढलं. माझ्याकडे ते असतं, कारण मलाही हे दुखणं आहे आणि घरात तो चहा आहे. अर्जुनाच्या बोटाला टोचलं. आकडा आला तीनशे अठ्ठ्याऐंशी.

त्याला ते पटेनाच. "मी काय गादीवर बसून खातोय व्हय? शुगर शेटजीला व्हती. मी रोज चार कोस चालतोय." कराडच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं की चालणाऱ्यालाही होते, आणि गोळ्या दिल्या.

त्याची धाकटी मुलगी समीक्षा सांगलीत नर्सिंग शिकून तिथल्याच एका दवाखान्यात लागली होती. घराण्यातली पहिली पगारदार. ती धावत आली. पहिल्या पगारातून तिनं बापाला मोठा फोन घेतला, साखरेचं मशीन घेतलं आणि फोनात एक ॲप घालून दिलं. माझ्याच ओसरीवर बसून तिनं शिकवलं. अर्जुना चौथी पास, आकडे वाचता येत होते. सकाळी बोटाला टोचायचं, मशीनवर दिसेल तो आकडा फोनात दाबायचा. गोळीची वेळ झाली की फोन बोलणार. किती चाललं तेही फोनच धरणार. आणि हे सगळं त्याच क्षणी सांगलीला समीक्षाच्या फोनवर दिसणार.

"आप्पा, तुमी कुटंबी असा, मला रोज कळंल," ती म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलला होता की मला माझ्या पलटणीतल्या नव्या पोरांची आठवण झाली.

सुरुवातीला त्या ॲपनं आमची फार करमणूक केली. आतून बाईच्या आवाजात विचारणा व्हायची, "गोळी घेतली का?" अर्जुना फोन तोंडाजवळ नेऊन अदबीनं सांगायचा, "घेतली गं बाय." धोंडुबाई म्हणायची, "ही सवत बरी, सैपाक मागत न्हाई." खाल्लेलं लिहायचं तर यादीत पोहे, उपमा, डोसा. भाकरी होती, पण ती बहुतेक शहरातली तळहाताएवढी; धोंडुबाईची एक भाकरी म्हणजे तसल्या तीन. पावलांचा आकडा मात्र रोज वीस-बावीस हजार. फोनात रंगीत फुलं उधळायची आणि "शाब्बास!" असं यायचं. अर्जुना म्हणायचा, "ह्येला म्हणावं, मेंढरामागं चाल एक दिस."

वर्षभरात समीक्षाचा मला आनंदानं फोन आला. "काका, आप्पांची शुगर बगा! एकशे चाळीस, एकशे पस्तीस. कवाच दीडशेच्या वर न्हाई." तिनं फोनातला तो चढता-उतरता आलेख सांगलीतल्या डॉक्टरांना दाखवला होता. ते म्हणाले, तीन महिन्यांची साखर एकदम दाखवणारी एक चाचणी असते ती करून घ्या. पण अर्जुना कधी कराडला, कधी वाईला. चाचणी दिवाळीवर गेली, दिवाळीत राहून गेली. आकडे एवढे चांगले, म्हटल्यावर डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

गेल्या वर्षी तो आला तेव्हा मीही फोन बघितला. एकशे सेहेचाळीस. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझं मशीन आतल्या कपाटात, दहा पावलांवर होतं. मी ते काढलं नाही. सव्वीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, त्यानं त्या दिवशी ठेवला. याची टोचणी मला मरेपर्यंत राहणार आहे.

यंदा अर्जुना आला तो किंचित वाकडा चालत. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चिंधी बांधली होती.

"काय झालं रं?"

"बाभळीचा काटा. पंधरा दिस झालं. पर दुकत न्हाई सुभेदार, अजाबात न्हाई."

ते 'दुखत नाही' ऐकूनच मी त्याला खाली बसवलं. काटा लागलेला पाय दुखलाच पाहिजे; साखरेनं नसा मेल्या की मगच तो दुखत नाही. मी चिंधी सोडली. बोट काळं पडलं होतं, वास येत होता आणि लाली पावलावर चढली होती. मी मशीन आणलं. तीनशे अठ्ठावन्न. त्याचा फोन मागितला. सकाळचा आकडा होता एकशे एक्केचाळीस.

मला वाटलं माझं मशीन बिघडलं. माझ्या बोटाला टोचून बघितलं, ते ठीक चालत होतं. मग मी त्याचं मशीन घेतलं. त्या मशीनमध्ये मागचे आकडे साठून राहतात, हे अर्जुनाला ठाऊक नव्हतं. मी एकेक मागं जात राहिलो. आज सकाळचा तीनशे एक्केचाळीस, फोनात एकशे एक्केचाळीस. तीनशे बावीस, फोनात एकशे बावीस. तीनशे छत्तीस, फोनात एकशे छत्तीस.

"अर्जुना, दोनशे कुटं गेलं?"

तो शांतपणे म्हणाला, "मागं ठेवलं."

"म्हंजी?"

"खरा आकडा कुणी सांगत्यात व्हय, सुभेदार? आन् ह्यो तर फोनात जातोय. सांगलीच्या दवाखान्यात धा लोक बगणार. लोकांची दिष्ट काय चांगली असती?"

मी पेटलो. फौजेत शिकलेल्या सगळ्या शिव्या त्याला त्याच्या बायकोदेखत घातल्या. "गोळी अर्धी केली रं तुजी त्या आकड्यावर! पोरीनं दावला त्यो डाक्टरला, तुज्या पोरीनं! पाय सडला तुजा!" तो खाली मान घालून ऐकत राहिला. आणि ओरडता ओरडता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी गप्प झालो आणि समीक्षाला फोन लावला.

मी अर्जुनाला कराडच्या दवाखान्यात नेलं, तिथं ती सांगलीहून मिळेल त्या एसटीनं आली. बापाचा पाय बघितला, मशीन बघितलं, स्वतःच्या फोनातला तो सुंदर आलेख बघितला. रडली नाही. फक्त विचारलं, "आप्पा, मला बी खोटं?"

"खोटं न्हाई गं. कमी सांगितलं."

"मी रोज सकाळी उठून पयला तुमचा आकडा बगतेय. सगळ्या नर्सांना दावतेय, माज्या आप्पांचा आकडा बगा म्हणून. आन् तुमी मला बाजारातला व्यापारी समजलासा."

अर्जुना भिंतीकडे तोंड करून झोपला. इतक्या वर्षांत मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते बोट काढलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "बोट गेलं ते गेलं. पाऊल राहील की नाही, ते साखर उतरते का, यावर आहे. इन्सुलिन चालू केलंय. इथं आम्ही मोजतोय, तोवर ठीक. पण हे पुन्हा रानात गेल्यावर किती टोचायचं ते रोजच्या आकड्यावर ठरणार. खोट्या आकड्यावर इन्सुलिन देणं म्हणजे माणूस मारणं. ते मी करणार नाही."

समीक्षा तिथंच म्हणाली, "मग रानात न्हाईच जायाचं. मेंढरं इकायची आन् सांगलीला माज्याकडं ऱ्हायचं."

हे दाराआडून अर्जुनाला ऐकू गेलं. बोट काढलं तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र तो उठून बसला आणि त्यानं माझी बाही धरली. "सुभेदार, पोरीला सांगा. मेंढरं नगं म्हणावं. दुसरं काय बी घे म्हणावं." पण पोरीचं चुकत नव्हतं. विश्वास एकदा गेला की आकडा नुसता आकडा राहतो, हे मला तिच्याइतकंच कळत होतं.

त्या संध्याकाळी मी रानात गेलो आणि धोंडुबाईला सगळं सांगितलं. मेंढरं बिरदेवच्या हवाली करून ती सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात आली. या बाईला बावीस वर्षांत मी फारसं बोलताना ऐकलं नव्हतं. नवऱ्याच्या खाटेशी बसली, फडक्यातली भाकरी काढली, अर्धी मोडून त्याच्या हातात दिली आणि अर्धी परत बांधली.

"सांगत का न्हाईसा पोरीला खरा आकडा?" तिनं विचारलं.

"तुला ठावं हाय की."

"काय ठावं हाय? सांगितलं की घटतंय, ह्येच न्हवं?"

"व्हय."

"मग घटू द्या की! मेंढरं घटाया नगं म्हणून सांगत न्हाई आपण. शुगर काय वाडवायची हाय व्हय? चांगली जतच्या बाजारात उबं ऱ्हाऊन सांगा!"

मी, सव्वीस वर्षं वैद्यकीय दलात काढलेला माणूस, तोंड उघडं टाकून बसलो. मी त्याला रक्त, मूत्रपिंड, नसा, सगळं समजावलं होतं. त्याच्या बापाच्या बाजारात जाऊन त्याला उत्तर आणावं, हे मला सुचलं नव्हतं. अर्जुनानं हातातली भाकरी खाली ठेवली. तो बायकोकडे असं बघत होता, जणू ती आजच लग्न होऊन आली आहे.

तेवढ्यात नर्स बोटाला टोचायला आली. मशीनवर आकडा आला तसा अर्जुना खणखणीत आवाजात ओरडला, "समीक्षा! दोनशे शाण्णव! खरा हाय! दोनशे शाण्णव!" शेजारच्या खाटांवरचे लोक दचकून बघायला लागले. "ऐका रं समदी, दोनशे शाण्णव!"

समीक्षा हसायला लागली आणि हसता हसता तिला जे रडू आलं, ते दोन दिवसांचं होतं.

पुढचे दिवस त्या वॉर्डनं रोज चार वेळा अर्जुनाचा आकडा ऐकला. दोनशे साठ. दोनशे बारा. एकदा मधेच दोनशे पंचावन्न. समीक्षानं विचारलं, "काय खाल्लं?" त्यानं कबूल केलं, पलीकडच्या पेशंटच्या पाहुण्यानं पेढा दिला होता. मग एकशे ऐंशी. इन्सुलिननं उतरत होती, हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, समीक्षालाही माहीत होतं. अर्जुनाला ती सांगण्यानं उतरत होती. आम्ही कुणीच काही बोललो नाही. पावलावरची लाली मागं हटली.

या काळात सकाळी वाघर उघडायला मी बिरदेवला मदत करत होतो. मेंढरं एकेक करून माझ्या समोरून बाहेर पडायची. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ती आयती संधी. जुनी सवय, मी नकळत सुरूही केलं, एक, दोन, तीन. आठावर पोचलो आणि माझी मलाच भीती वाटली. मी तोंड फिरवून नदीकडे बघत राहिलो. बिरदेव म्हणाला, "काय झालं काका?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

महिन्यानं डॉक्टरांनी त्याला जाऊ दिलं. समीक्षानं अटी घातल्या. आकडा दाबायचा आणि त्याशिवाय मशीनचा फोटो पाठवायचा. रोज रात्री पायाचा तळवा धोंडुबाईनं बघायचा. पायात मऊ बूट, आणि जखम पुरती भरेपर्यंत चालणं थोडं. बाकी वाट घोड्यावर, हंडे-भांड्यांच्या मधे. अर्जुना सगळ्याला हो म्हणाला. ॲप मात्र घोड्याचीही पावलं त्याच्याच नावावर धरतं आणि अजून फुलं उधळतं. ते समीक्षाला सांगायचं आम्ही दोघांनी राखून ठेवलंय.

निघायच्या दिवशी सगळं आवरून झालं. बिरदेव मेंढरं घेऊन पुढं बांधापर्यंत गेला होता. संयोगितानं बिनसाखरेचा चहा आणला होता, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो तिच्यासकट आम्ही सगळे तोंड वाकडं करून प्यालो. दरवर्षीसारखा मी यंदा प्रश्न विचारला नाही. अर्जुना थोडा वेळ वाट बघत राहिला. मग काठी टेकत माझ्याजवळ आला.

"सुभेदार, यंदा इचारलं न्हाईसा."

"राहू दे."

"न्हाई. तुमचं लय उपकार झालं. पाय ऱ्हायला माजा. आज तुमाला सांगतो. माज्या बानंतर कुणालाच सांगितला न्हाई ह्यो आकडा, धोंडीला बी न्हाई." तो माझ्या कानाशी वाकला. "एकशे..."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझा हात चांगलाच दाबला गेला असावा, कारण तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. पलीकडे बांधावर ती सगळी मेंढरं उन्हात चालली होती, फुटक्या शिंगाची, तिची लेक, आणि मागं दोन नवी कोकरं. त्यातलं एकही माझ्या कानामुळं कमी व्हायला नको होतं.

"ते नगं सांगू," मी म्हटलं. "शुगर सांग."

अर्जुना सरळ उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला, "एकशे अडतीस!"

"खरी?"

"खरी, सुभेदार."

मी मशीन मागितलं नाही.